आर्लेटानं सांगितलं म्हणून

टॅनर्स फोर्डमध्ये पन्नाशीच्या आतला असा एकही माणूस सापडणार नाही, ज्यानं आर्लेटा बेकमनच्या हातचं खाल्लेलं नाही. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती एकतीस वर्षं होती. सोमवारी राजमा-खिम्याची चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल, शुक्रवारी मासे, आणि रोज वाटाणे. ते संपवल्याशिवाय उठायची परवानगी नसे. पुढे ही मुलं ट्रक चालवायला लागली, बँकेत बसली, त्यांना टक्कल पडलं, पण आर्लेटा दुकानात समोरून आली की अजूनही पाठ ताठ करून "गुड मॉर्निंग, मिस आर्लेटा" म्हणत.

अशा बाईला गाव विचारतं, आणि गाव विचारतंय म्हटल्यावर ती सांगते. छप्पर कुणाकडून शाकारून घ्यायचं, गुडघ्याला कुठला डॉक्टर बरा, नोव्हेंबरात मत कुणाला द्यायचं. कौंटीच्या वर्तमानपत्रात निवडणुकीआधी नमुन्याची मतपत्रिका छापून येते. आर्लेटा ती कापून घ्यायची, आपल्या मते जे गोल काळे करायचे ते पेन्सिलीनं काळे करायची आणि चर्चच्या हॉलच्या स्वयंपाकघराच्या दारावर टाचायची. जज्जांची सोळा नावं आणि कायद्याच्या भाषेतले चार प्रस्ताव कोण वाचत बसतो? आम्ही ती बघायचो, तळहातावर आकडे लिहून घ्यायचो आणि मत द्यायला जायचो. हे बरोबर नव्हतं हे आज कळतं. तेव्हा सोयीचं होतं.

पक्षाबिक्षाचं तिला सोयरसुतक नव्हतं. तिला राग होता तो एका रेषेचा. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की राज्याचे आमदार बसून मतदारसंघांच्या रेषा नव्यानं आखतात, आणि आपलं आसन पक्कं होईल अशाच आखतात. त्यात आमचं एकोणीसशे वस्तीचं गाव मिल स्ट्रीटच्या मधोमध कापलं गेलं होतं. रस्त्याच्या उत्तरेकडे राहणाऱ्यांचा आमदार सत्तर मैलांवर, शहराच्या उपनगरात. दक्षिणेकडच्यांचा दुसरा, तो कुठे राहतो ते त्याच्या बायकोला माहीत असेल. ओढ्यावरचा पूल खचला, जड गाड्यांना बंद झाला, शाळेची बस अकरा मैलांचा वळसा घालू लागली. एका आमदाराला फोन केला तर तो म्हणाला पूल त्या बाजूचा, दुसरा म्हणाला या बाजूचा. सहा वर्षं बस वळसा घालत होती.

आर्लेटाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या उत्तरेला, विल्मर टॅब राहायचा. शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर, निवृत्त, विधुर, तिरसट, आणि एकदा मनात घेतलं की पाचर मारल्यासारखा पक्का. रेषा आमदारांच्या हातातून काढून घ्यायच्या, त्या निःपक्ष माणसाकडून आखून घ्यायच्या, गावं शक्यतो अखंड ठेवायची, आणि आमदारांमागे फिरणाऱ्या दलालांच्या भेटवस्तूंना लगाम घालायचा, असा प्रस्ताव राज्यभरच्या लोकांनी सह्या गोळा करून मतदानाला लावायचा ठरवला, तेव्हा गावात कागद आणला तो विल्मरनं.

"आर्लेटा, तू सह्या घे. मला बघून लोक दार लावतात."

"तुझं तोंडच तसं आहे. आण इकडे."

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू होता. चर्चमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असे, कौंटीभरची माणसं येत. आर्लेटा रांगेच्या तोंडाशी कागद घेऊन उभी राहिली. सही तिच्या डोळ्यांदेखतच झाली पाहिजे हा नियम, आणि नंतर नोटरीपुढे तशी शपथ. तिनं एकही खोटी सही घेतली नाही. उलट प्रत्येकाला दटावायची, "आधी वाच. मागून म्हणशील आर्लेटानं फसवलं." सहा शुक्रवारांत चारशे बारा सह्या झाल्या. कौंटीत सर्वांत जास्त. नोव्हेंबरात प्रस्ताव राज्यात दणदणीत मतांनी मंजूर झाला, विल्मरनं मिल स्ट्रीट ओलांडून येऊन तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "हे आपण केलं." तो आयुष्यात कुणाला असं काही म्हणाल्याचं गावाला आठवत नव्हतं.

तिथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती.

दोन वर्षं गेली. शिरगणती तोंडावर आली, नवा नकाशा अजून आखायचाच होता, आणि विधानसभेनं एक नवा प्रस्ताव मतदानाला ठेवला. मतपत्रिकेवर त्याचे तीन मुद्दे छापले होते. पहिला: दलालांकडून आमदारांना मिळणाऱ्या भेटवस्तूंवर संपूर्ण बंदी. दुसरा: निवडणुकीच्या देणग्यांची मर्यादा आणखी खाली. तिसरा लांबलचक होता, सहा ओळींचा, एकाही पूर्णविरामाशिवाय.

विल्मर त्या वेळी गावात नव्हता. सप्टेंबरात मांडीचं हाड मोडून घेतलं होतं आणि लेकीकडे दुसऱ्या राज्यात पडून होता. तेव्हा वाचायची जबाबदारी आर्लेटाची. तिनं पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला आणि खूश झाली. आपण लगाम घातला होता, हे तर सरळ बंदीच घालताहेत! आपलंच काम पुढे नेताहेत. तिसरा मुद्दा तिनं वरवर पाहिला. त्यात 'मतदारसंघ' हा शब्द दिसला, 'मतदारांनी मंजूर केलेली' असंही दिसलं, म्हणजे आपलंच ते. 'होय'चा गोल तिनं गच्च काळा केला.

त्याच आठवड्यात राजधानीतून एका मुलीचा फोन आला. सह्यांच्या मोहिमेत होती म्हणे. "मॅडम, या वेळी कृपा करून 'नाही' म्हणा, हा प्रस्ताव आपला कायदा—"

"किती पैसे देतात गं तुला ते दलाल?"

"मॅडम, मी स्वयंसेवक आहे, तुम्ही तिसरा मुद्दा—"

"मी सह्या घेत उभी होते तेव्हा तू वहीत चित्रं काढत असशील. पुन्हा फोन करू नकोस." आणि तिनं फोन ठेवला. दलालांचा डाव आपण ओळखला, हे तिनं दिवसभर भेटेल त्याला सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चर्चचं सॉसेजचं जेवण असतं. पहाटेपासून बायका आंबवलेली कोबी, फरसबी आणि सफरचंदाचा मुरंबा करत असतात, पुरुष मागच्या अंगणात सॉसेज भाजत असतात. दारावर मतपत्रिका टाचलेली होती. लॉनी व्हॉस भाजलेल्या सॉसेजचं घमेलं घेऊन आत आला आणि दाराशीच रेंगाळला.

लॉनी त्रेचाळीस वर्षांचा. खडीचा ट्रक चालवायचा. शाळेत त्याला अक्षरं नाचताना दिसायची, वाचताना बोट ठेवून एकेक शब्द पकडावा लागे, आणि ते बोट अजून सुटलं नव्हतं. घरी खायची मारामार होती, तेव्हा आर्लेटा त्याच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढायची आणि इतर मुलांकडे बघत बसायची, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. हे त्याच्या लक्षात होतं.

"मिस आर्लेटा, एक विचारू?"

"विचार. पण ते घमेलं आधी ठेव, गार होतंय."

"ते तिसरं जे आहे ना... त्यात लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी मतदारांनी मंजूर केलेली पद्धत बदलून... मी तीनदा वाचलं."

"तीनदा? पहिल्या दोन वेळा काय डोळे मिटून वाचलंस?"

सगळं स्वयंपाकघर हसलं. कोबी ढवळणारी इमोजीन राश तर पळी सोडून हसली. लॉनीही हसला, कारण हसावं लागतं.

"नाही, म्हणजे... बदलून म्हणजे काढूनच टाकणार, असं मला वाटतं. निःपक्ष माणूस जाणार आणि परत पक्षांनी नेमलेले लोक येणार. मग आपण 'नाही' म्हणायला—"

"लॉनी, चारशे बारा सह्या कुणी घेतल्या?"

"तुम्ही."

"मग? आता तू मला शिकवणार कायदा काय म्हणतो ते?"

"नाही, मॅडम. तुम्ही फक्त एकदा चष्मा लावून—"

"बस."

तिचा चष्मा तिच्या गळ्यात लटकत होता. कागद दोन पावलांवर होता. सहा ओळी वाचायला किती लागतात? पण पंधरा माणसं बघत होती, आणि खडीच्या ट्रकवरच्या माणसाच्या सांगण्यावरून आर्लेटा बेकमन कागद तपासते आहे, हे त्या पंधरा माणसांना दिसलं असतं. तिनं चिमटा उचलला आणि सॉसेज ताटांत लावायला लागली.

"हो, मॅडम," लॉनी म्हणाला आणि बाहेर गेला. मंगळवारी त्यानंही 'होय'चाच गोल काळा केला. तीनदा वाचून, समजून, उलटं मत दिलं. आर्लेटानं सांगितलं म्हणून.

बुधवारी सकाळी तिनं कॉफी ठेवली आणि रेडिओ लावला. राज्यात एक्कावन्न टक्के 'होय', एकोणपन्नास टक्के 'नाही'. बातम्या देणारी बाई म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मंजूर केलेली मतदारसंघ फेररचनेची सुधारणा मतदारांनी काल स्वतःच रद्द केली. नकाशे आता पुन्हा राजकीय पक्षांनी नेमलेल्या मंडळींच्या हाती जातील."

आर्लेटानं मतपत्रिका पुन्हा छापलेलं कालचं वर्तमानपत्र काढलं, चष्मा लावला आणि तिसरा मुद्दा वाचला. मग बोट ठेवून वाचला. कुठेही लपवलेलं नव्हतं. अवघड होतं, आडवळणाचं होतं, पण होतं. लॉनीनं म्हटलं तसंच होतं, शब्द न् शब्द.

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात, पण धरणी दुभंगत नाही. कॉफी उतू जाते आणि शेगडी पुसावी लागते. तिनं शेगडी पुसली, कोट चढवला आणि चर्चच्या हॉलकडे निघाली. कुणी यायच्या आत दारावरचा कागद काढायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. टाचण्या निघेनात. तिनं कागद ओढला, चार तुकडे केले आणि कोटाच्या खिशात कोंबले. मागे वळली तर हॉलमध्ये लॉनी उभा. जेवणाची घडीची टेबलं परत न्यायला आला होता.

त्यानं टेबल उचललं. ती त्याच्या बाजूनं बाहेर पडली.

इथपर्यंतची चूक कुणाचीही होऊ शकते. गावानं ती तिला माफही केली होती, कारण गावानंही तेच केलं होतं. आमच्या केंद्रावर तीनशे एक्केचाळीस 'होय' होते. इमोजीन तिला म्हणाली, "अगं, राज्यात लाखांचा खेळ. आपल्या तीनशेनं काय फरक पडतो?" आर्लेटा म्हणाली, "नाही पडला फरक. पण ते तीनशे माझे होते." तेव्हा ती खरं बोलत होती. पुढे जे झालं ते मात्र सांगायला मलाही बरं वाटत नाही.

शनिवारी विल्मर परत आला. लेकीनं आणून सोडला आणि तो काठी टेकत तसाच हॉलमध्ये आला. आम्ही मोठी भांडी घासत होतो.

"कुणाचं काम हे?" तो दारातूनच ओरडला. "तीनशे एक्केचाळीस! या गावात! दारावर कागद होता म्हणे 'होय' म्हणून. कुणी लावला?"

कुणी मान वर केली नाही. कागद दरवर्षी कोण लावतं हे विल्मरला माहीत असायला हवं होतं. पण तो मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या चर्चचा, या स्वयंपाकघरात त्याचं येणं माशांच्या शुक्रवारांपुरतं, आणि मत तो स्वतः वाचून द्यायचा. दारावरच्या कागदाशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता. आणि हे आर्लेटाचं काम असेल, हे तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो तिच्याकडेच बघत होता, साक्षीदाराकडे बघावं तसा.

आर्लेटानं तोंड उघडलं. 'हे आपण केलं' म्हणताना त्यानं धरलेला हात साबणाच्या पाण्यात होता, तो तिनं बाहेर काढला नाही.

"मी लावला," लॉनी म्हणाला.

तो कोपऱ्यात भांडी पुसत होता. फडकं हातातच होतं. "मीच, मिस्टर टॅब. मी चुकीचं वाचलं. आणि सगळ्यांना सांगितलं."

विल्मर त्याच्याकडे वळला. त्याचा आवाज खाली आला, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "सातवीत तुला फळीवरची मापं वाचता येत नव्हती, तेव्हा मी काय सांगितलं होतं? समजलं नाही तर विचार, नाहीतर गप्प बस. एवढंसुद्धा नाही शिकलास."

"नाही शिकलो, सर."

"दोन वर्षांचं काम, लॉनी. दोन वर्षांचं काम धुळीला मिळवलंस तू."

"हो, सर."

इमोजीन आर्लेटाकडे बघत होती. आम्ही सगळे आर्लेटाकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. आर्लेटानं घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. विल्मर काठी आपटत गेला.

ती लॉनीला मागच्या अंगणात गाठून म्हणाली, "का बोललास असं?"

"तुम्हाला बोलता येत नव्हतं म्हणून."

"मी सांगते विल्मरला. आजच सांगते."

"सांगा ना. घाई नाही," तो म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला.

आजचं उद्यावर गेलं. उद्याचं थँक्सगिव्हिंगनंतर, ते ख्रिसमसनंतर. विल्मरचं हाड नीट बसू दे. त्याला त्रास नको. खोट्या माणसाला कारणांचा तुटवडा पडत नाही. मिल स्ट्रीट ओलांडायला तीस पावलं लागतात, आणि आर्लेटानं ती दहा महिने ओलांडली नाही. विल्मर अंगणात दिसला की ती पडद्यामागून बघायची आणि तो आत गेला की बाहेर पडायची.

लॉनीला खडीच्या यार्डात 'वकीलसाहेब' हे नाव पडलं. "वकीलसाहेब, हे बिल वाचून दाखवा की!" "वकीलसाहेब, पाटीवर काय लिहिलंय, 'थांबा' की 'चला'?" एकदा दुकानात आर्लेटा डब्यांच्या रांगेपाशी उभी असताना पलीकडून तिनं हे ऐकलं. कालचं पोर होतं कुणीतरी, तिच्याच हातचे वाटाणे खाल्लेलं. एका शब्दात तिनं त्याला गप्प केलं असतं. पण त्या एका शब्दानंतर दुसरा शब्द बोलावा लागला असता. ती राजम्याच्या डब्यावरचं लेबल वाचत राहिली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ते सगळे निघून जाईपर्यंत.

तिनं घरी भाजलेला, सफरचंदाचं गोड सारण भरलेला ॲपल पाय लॉनीकडे पाठवला. मग भोपळ्याचा. मग चेरीचा. दर वेळी तो थाळी धुऊन परत आणून द्यायचा, "छान होता, मिस आर्लेटा" म्हणायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेशही नसायचा. राग असता तर तिला बरं झालं असतं. जूनमध्ये तिनं असं काही भाजून पाठवणं बंद केलं, कारण थाळी परत घेताना त्याच्याकडे बघावं लागायचं.

सप्टेंबरात नव्या नकाशाचा मसुदा आला. मिल स्ट्रीटची रेषा होती तिथेच होती. वर ओढ्याकाठच्या ट्रेलर-घरांच्या वस्तीभोवती आणखी एक वळसा घालून ती तिसऱ्या मतदारसंघात ढकलली होती. गावाचे दोनाचे तीन तुकडे झाले. लॉनीचं घर त्या वस्तीत होतं. त्याच्या आणि आर्लेटाच्या घरामध्ये आता एक रेषा आली होती, आणि पूल तिन्हीतल्या कुणाचाच नव्हता.

नकाशा आखणाऱ्या समितीची जनसुनावणी कौंटीच्या कोर्टात ठेवली होती. नाव नोंदवायचं, माइकपाशी जाऊन नाव आणि पत्ता सांगायचा, तीन मिनिटं बोलायचं, घंटी वाजली की बसायचं. गावातून आम्ही तीसएक जण गेलो. विल्मर पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर काठी आडवी ठेवून. लॉनी अगदी मागे, हातात घडी केलेला कागद. आर्लेटा दाराशी. तिनं नाव नोंदवलं नव्हतं. फक्त ऐकायला आले, असं ती इमोजीनला म्हणाली होती.

समितीचे अध्यक्ष नीटनेटके, गोड बोलणारे गृहस्थ होते. सुरुवातीलाच म्हणाले, "हे काम लोकांनीच मत देऊन आमच्याकडे परत सोपवलं आहे. आम्ही मतदारांच्या इच्छेचा आदर करतो." मतदारांच्या इच्छेचा! विल्मरच्या मानेची शीर आम्हाला मागून दिसली.

तोच पहिला बोलला. पूल, बस, दोन वर्षांपूर्वीचा कौल, सगळं मुद्देसूद. आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही म्हणता ही लोकांची इच्छा. लोकांना तुम्ही फसवलंत. आमच्याच गावात एका भाबड्या माणसानं तुमची ती सहा ओळींची गुंडाळी उलटी वाचली आणि सगळ्या गावाला चुकीच्या वाटेला लावलं. दोष मी त्याला देत नाही. जेवढी बुद्धी असेल तेवढंच माणूस वाचणार."

तो दयाळूपणे बोलला होता. मागच्या रांगेत लॉनीनं मान खाली घातली, आणि यार्डातल्या दोघांनी कोपरानं एकमेकांना ढोसलं.

आर्लेटा टेबलापाशी गेली आणि तिथल्या कारकुनाला म्हणाली, "माझं नाव लिही."

ती माइकपाशी गेली. "आर्लेटा बेकमन," ती म्हणाली. "दोनशे सात, मिल स्ट्रीट. दक्षिण बाजू." मग ती समितीकडे पाठ करून वळली. अध्यक्षांनी माइककडे तोंड करायला सांगितलं, ते तिनं ऐकलं नाही. "विल्मर, तो कागद मी लावला. लॉनीनं नाही. लॉनीनं नीट वाचलं होतं. तीनदा. जेवणाच्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन त्यानं मला सांगितलं, हा प्रस्ताव आपला कायदा काढून टाकणार आहे. मी पंधरा माणसांसमोर त्याची टिंगल केली आणि त्याला गप्प बसवलं. चष्मा माझ्या गळ्यात होता, मी तो लावला नाही. नंतर तू विचारलंस, तेव्हा त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते सांगू दिलं. दहा महिने. हे या सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुला नव्हतं."

विल्मरनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं शेजारच्या खुर्चीवरची काठी उचलली, मागे वळला आणि म्हणाला, "लॉनी. इथे येऊन बस."

लॉनी सगळ्या रांगा ओलांडून आला आणि बसला.

"मॅडम," अध्यक्ष हसून म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा कौतुकाचा आहे. पण मतपत्रिका नीट वाचणं ही शेवटी मतदाराचीच जबाबदारी, नाही का?"

"आहे ना," आर्लेटा म्हणाली आणि आता त्यांच्याकडे वळली. "माझी होती. म्हणून तर उभी आहे इथे, मान खाली घालून. पण मी एकतीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला आहे, साहेब. पोरं पालक खात नाहीत म्हणून तो वाटून सॉसमध्ये लपवायचा आणि वर चीज पसरायचं, ही विद्या मला येते. तुमचं पहिलं कलम म्हणजे ते वरचं चीज, हे मी ओळखायला हवं होतं. फक्त मी पालक घालायचे." लोक हसले. ती हसली नाही. घंटी वाजायच्या आतच ती माइकपासून बाजूला झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. विल्मर अजून तिच्याकडे बघत नव्हता.

पुढचं नाव लॉनीचं होतं. त्यानं हातातला कागद उलगडला. "लॉनी व्हॉस. लॉट अकरा, क्रीक रोड. मला बोलता येत नाही. मी फक्त तो तिसरा मुद्दा वाचणार. कारण इथे आतापर्यंत कुणी वाचला नाही."

आणि त्यानं कागदावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द. एका शब्दावर अडला, मागे गेला, पुन्हा आला. समितीतल्या एका बाईंनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी खाकरलं. यार्डातलं ते पोर गालात हसायला लागलं. तिसरी ओळ संपली, चौथी सुरू झाली, 'मंजूर केलेली पद्धत' इथवर तो आला आणि घंटी वाजली.

"धन्यवाद, मिस्टर व्हॉस," अध्यक्ष म्हणाले. "बस."

"हो, सर," लॉनी म्हणाला आणि कागदाची घडी घालू लागला.

तो 'बस' आर्लेटाच्या कानात गेला आणि तिचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. तोच शब्द, तोच सूर. आणि त्यावर लॉनीचं तेच उत्तर.

"त्याचं वाचून झालेलं नाही," ती भिंतीपासून म्हणाली.

"मॅडम, तुमची वेळ संपली आहे. प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळतात."

"मी त्याला तीही दिली नव्हती." ती चालत माइकपर्यंत आली आणि लॉनीच्या शेजारी उभी राहिली. "वाच, लॉनी."

"मॅडम, खाली बसा. नाहीतर आम्हाला माइक बंद करावा लागेल."

आर्लेटा बसली नाही. पहिल्या रांगेत काठीचा आवाज झाला, विल्मर उठून उभा राहिला होता. कारकुनानं माइक बंद केला. लॉनीनं घडी पुन्हा उलगडली, चौथी ओळ शोधली, बोट ठेवलं आणि जिथे थांबवलं होतं तिथून पुढे वाचायला लागला.